मातीचे किल्ले आणि कांचेंतील देखावे

लहान मूर्ती मांडून एखादा प्रसंग डोळ्यांपुढें उभा करण्याच्या दोन रीती महाराष्ट्राच्या परिचयाच्या आहेत. एक वस्तुसंग्रहालयाची, तेथें देखावा एकदां रचला कीं तो कांचेआड कायमचा राहतो. दुसरी दिवाळींतील किल्ल्याची; तेथें मूर्ती जपून ठेवतात, परंतु देखावा दरवर्षीं नव्यानें उभारावा लागतो. मुंबईच्या उपनगरांत ही दुसरी रीत हळूहळू पहिलीच्या वळणावर जाऊं लागली आहे, म्हणून दोहींचें मर्म पाहणें अगत्याचें आहे.

कायम देखाव्याचें उत्तम उदाहरण भायखळ्यास आहे. १८७२ मध्यें व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम या नांवानें लोकांस खुलें झालेलें तेथील संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचे क्यूरेटर सेसिल बर्न्स हे सर जे. जे. कलाशाळेचेहि प्रमुख होते. त्या सुमारास नाना जातींचे लोक, त्यांचे धंदे आणि खेड्यांतील जीवन दाखविणारे मातीचे नमुने तेथें तयार झाले. त्या काळचे पोशाख, पागोटीं आणि बसण्याउठण्याची ढब आजहि त्यांत पाहावयास मिळते. कायमपणाचा हा लाभ मोठा आहे. परंतु माणसांची जातवार विभागणी करून पाहणाऱ्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीची छापहि त्यांवर तशीच राहिली आहे. समाज पालटला, मूर्ती पालटल्या नाहींत.

दिवाळींतील किल्ल्याची गोष्ट निराळी. अंगणांत दगडविटा रचावयाच्या, चिखलांत बुडविलेलें गोणपाट त्यांवर पसरावयाचें, माती लिंपून तट-बुरूज काढावयाचे, अळीव किंवा मोहरी पेरून डोंगर हिरवा करावयाचा आणि अखेर सिंहासनावर शिवछत्रपती व वाटेवर मावळे बसवावयाचे, हा सारा उद्योग मुलांचा. सण सरला कीं माती झाडांच्या बुडाशीं जाते आणि मूर्ती कागदांत गुंडाळून खोक्यांत जातात. असें खोकें श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. यंदा रायगडीं पहारा देणारा मावळा पुढील वर्षीं पाण्यानें भरलेल्या परातींतील सिंधुदुर्गावर उभा राहतो.

या बदलामुळेंच मुलांच्या हातून इतिहासाचा अभ्यास घडतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून बांधला आहे कीं खालून चढणाऱ्यास तो समोर दिसत नाहीं. हें पुस्तकांत वाचतां येतें; परंतु मातीचा बुरूज स्वतः वळवितांना शत्रूचा सरळ मारा दरवाजापर्यंत कां पोहोंचत नाहीं, हें मुलाच्या मनांत पक्कें ठसतें. राजगड करावयाचा तर बालेकिल्ल्याभोंवतीं पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या काढाव्या लागतात. लोहगडास विंचूकाट्याची लांब सोंड हवी. १६६४ मध्यें मालवणच्या कुरटे बेटावर आरंभलेल्या सिंधुदुर्गास तर डोंगरच नाहीं. एकाचा सांचा दुसऱ्यास चालत नाहीं. युनेस्कोनें जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशांत घेतलेल्या १२ किल्ल्यांत हे चारहि आहेत.

अडचण आहे ती जागेची. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्यें, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत आलीं. पुढें वाड्या आणि बैठ्या चाळी जाऊन त्या जागीं उंच इमारती उठल्या. अंगणांत फरशी आणि मोटारी आल्या. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्यें राज्यांत बंदी आली. मातीहि विकत आणावी लागूं लागली. तेव्हां प्लास्टरचा तयार किल्ला दिवाळीपुरता मांडून पुन्हां माळ्यावर ठेवणें कित्येक कुटुंबांस सोयीचें वाटतें. तो दिसावयास देखणा असतो; परंतु दरवाजा कोठें असावा आणि पाण्याचें टांकें कोठें खोदावें, हें त्याचें आधींच ठरलेलें असतें. मुलास विचार करण्याजोगें त्यांत फारसें उरत नाहीं.

दोन घमेलीं माती आणि एक लांकडी फळी एवढ्यावर गच्चीच्या कोपऱ्यांतहि किल्ला होतो. पुठ्ठ्याचे तट सुटे ठेवले तर तेच दरवर्षीं नव्या आंखणीनें मांडतां येतात. आंखणी वहींत काढून ठेवली म्हणजे मोडलेल्या किल्ल्याची नोंदहि राहते. संग्रहालयानें जुनें तसेंच जपावें, तें त्याचें कामच आहे. घरानें मात्र मूर्ती जपाव्या, किल्ला खुशाल मोडावा आणि पुढील दिवाळींत त्याच मावळ्यांस दुसरा गड द्यावा.