वाडीची वाट

कोकणातले गाव एका ठिकाणी गोळा झालेले नसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाव म्हणजे वरची वाडी, खालची वाडी, सुतारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी अशा विखुरलेल्या वाड्या आणि त्यांच्यामधले डोंगरउतार, पऱ्ये म्हणजे ओढे, आणि कातळ. सातबाऱ्यावर गाव एकच असले तरी वाट प्रत्येक वाडीची वेगळी. ती वाट म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आणि पऱ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल. पावसाळ्यात साकव वाहून गेला की वाडी तुटते आणि आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावर न्यावे लागते.

या गावांचा बाहेरचा पहिला मोठा रस्ता समुद्राचा होता. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांतून आगबोटी मुंबईला जात. बोट खोल पाण्यात उभी राही. माणसे, आंब्याच्या करंड्या, तांदळाची गाठोडी पडावातून तिच्यापर्यंत पोहोचत. पावसाळ्यात बोटी बंद. याच मार्गाने गिरण्यांत आणि गोदीत काम करायला गडी गेला, तो चाकरमानी झाला. घरी बाई, म्हातारी माणसे आणि मनीऑर्डर राहिली. हा प्रवास सुखाचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली एस.टी. धावली. कोकणात तिचे जाळे हळूहळू पसरले आणि बोटींचे महत्त्व ओसरले. गावाचा दिवस बदलला तो वस्तीच्या गाडीने. ही गाडी संध्याकाळी शेवटच्या थांब्यावर येते. चालक-वाहक रात्री तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजची मुले, बाजाराच्या पाट्या आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे घेऊन तालुक्याला जाते. ही फेरी बंद झाली, तर आधी मुलींचे कॉलेज सुटते. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेने मुंबई एका रात्रीवर आणली, पण दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले हे तालुके रुळांपासून दूरच राहिले.

वाट सुधारली, माणसे मात्र कमी झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे गेले, हे त्या एका आकड्यावरून कळते. माणूस नेहमी जिथे राहतो तिथे जनगणना त्याला मोजते. त्यामुळे गणपतीला भरलेले घर शिरगणतीत दोन म्हाताऱ्यांचे ठरते.

याचा फटका रस्त्याला बसतो. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशासाठी ५०० लोकवस्तीचा निकष आहे. डोंगरी राज्ये, वाळवंट आणि आदिवासी क्षेत्रांसाठी तो २५० आहे. डोंगरउतारावर राहूनही रत्नागिरीतली वाडी या सवलतीत येत नाही. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र मोजता येतात, पण मध्ये पऱ्या आणि चढ असलेल्या वाड्या तेवढ्या जवळ नसतात. दोनशे माणसांच्या वाडीला मग जिल्हा परिषद, आमदार निधी किंवा श्रमदान अशा दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात. रस्ता नाही म्हणून तरुण राहत नाहीत, आणि तरुण राहत नाहीत म्हणून रस्त्यापुरती डोकी भरत नाहीत. वस्तीची गणती हा निकष मैदानी गावासाठी ठीक आहे, कोकणच्या वाडीसाठी तो अन्यायाचा आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे ग्रामसडक योजनेचा २०२४ मध्ये मंजूर झालेला चौथा टप्पाही २०११ चीच लोकसंख्या धरतो आणि सपाट प्रदेशासाठीचा ५०० चा आकडा त्यातही कायम आहे.