पाना कुणाच्या हाती?

बाराबलुत्यांत लोहार आहे, सुतार आहे, मोटारमिस्त्री नाही. गावगाडा घडला तेव्हा मोटारच नव्हती. म्हणूनच या धंद्याचा इतिहास वेगळा पाहावा लागतो. कोणत्याच जातीकडे परंपरेने न आलेले हे कसब दोन-तीन पिढ्यांत बापाकडून मुलाकडे जाऊ लागले, ते कसे?

जालना–औरंगाबाद रस्त्यावरचे आमचे बदनापूर निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्तेवाहतूक सुरू केली. त्या काळाची उर्दू गॅरेजमध्ये नंतरही टिकली. माझे वडील घरी अण्णा होते, गॅरेजात उस्ताद. भावालाही तिथे त्यांना उस्तादच म्हणावे लागे.

हा वारसा टिकला, याचे एक कारण दिल्लीच्या धोरणात होते. परवाना पद्धतीमुळे मोटारींचे नमुने मोजकेच राहिले. अँबॅसडर १९५०च्या दशकाअखेर आली आणि २०१४पर्यंत बनत राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाटही दशकानुदशके फारशी बदलली नाही. बापाने तरुणपणी खोललेले इंजिन मुलालाही खोलायला मिळे. ज्ञान शिळे होत नसे.

ते दिले जाई कानावाटे. इंजिन अडखळत असेल तर अण्णा ते चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढत. वायर काढल्यावर आवाज आणखी पडला, तर तो सिलिंडर ठीक. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच. मग प्लग बदलून बघायचा, मग वायर, मग कॉम्प्रेशन. आधी स्वस्त आणि सोपे, शेवटी हेड खोलणे. हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता. अंधार पडल्यावर पाना भावाच्या हातात असे आणि बॅटरी माझ्या. मुलीने पाना धरायचा नाही, हे कुणी सांगितले नव्हते. तो कधी दिलाच गेला नाही, एवढेच.

१९८३च्या डिसेंबरात मारुती आली. २०००च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारे इंजेक्टर आले, आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाले. नमुने झपाट्याने बदलू लागले. बापाचे ज्ञान मुलाच्या उमेदीपर्यंतही पुरेना. बिघाड आता स्कॅनर सांगतो, असे म्हणतात.

ते अर्धेच खरे आहे. गेल्या वर्षी भाच्याच्या स्कॅनरवर पी०३०१ हा संकेत आला: पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे. पण प्लग, कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, हे यंत्र सांगत नाही. भाचा नवा इंजेक्टर मागवायला निघाला होता. मी म्हटले, "थांब रे. पहिल्याची कॉइल दुसऱ्याला लाव आणि बघ." गाडी पुन्हा चालू केली, संकेत पी०३०२ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला होता. त्याने विचारले, "आत्या, तुला हे कुणी शिकवलं?"

मोटारींचे नमुने गेले, तपासण्याचा क्रम राहिला. वारसा होता तो या क्रमाचा. त्याचे वारसदार मोजताना आपण पाना धरणारे हात मोजतो. बॅटरी धरून शेजारी उभ्या राहिलेल्या मुली त्या मोजणीत येत नाहीत. ऐकले मात्र त्यांनीही होते.