सुतारकाम, बांधकाम आणि शाळेतले गणित

माहूर म्हटले की रेणुकादेवीचे शक्तिपीठ आठवते. मात्र माहूर-किनवटचा हा डोंगराळ पट्टा सागवानासाठीही प्रसिद्ध आहे. सहा फूट लांब, दहा इंच रुंद व दीड इंच जाडीच्या सागाच्या फळीत लाकूड किती, हे सुतार तिन्ही मापांचा गुणाकार करून त्यास १४४ ने भागून सांगतो: ०.६२५ घनफूट. पायाची आखणी करताना गवंडी एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतो आणि तिरकस अंतर पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आला असे मानतो. पाठ्यपुस्तकात हेच घनफळ आणि पायथागोरसचा सिद्धान्त म्हणून येते, पण ओळंबा व गुण्या तेथे क्वचितच दिसतात.

हे अंतर मिटवण्याचा विचार नवा नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाशी इतर विषय जोडणारी 'नयी तालीम' मांडली. पुढे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे आकारास आलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. केलेल्या वस्तूचा खर्च काढणे हा कामाचाच भाग असल्याने अपूर्णांक व शेकडेवारी तेथे चुकवता येत नाही. शिकवण्यासाठी परिसरातील कुशल माणसे घेतली जातात, ही यातील मोलाची बाब होय. गावच्या सुताराकडे पदविका नसते, हात असतो.

मराठवाड्यात हे गणित जीवनमरणाचेही ठरले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिव भागातील दगडमातीची माळवदाची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दीड फूट मातीचा थर म्हणजे १५० घनफूट माती, सुमारे सात टन वजन! सातवीतील मुलालाही हे काढता येते. ज्या घरांत हा भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता, त्यांपैकी काही भिंती ढासळूनही उभी राहिली. सांधा कसा बसवला आहे, हे अशा वेळी सुतारकामच सांगते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. दहा दिवसांत रंधा कसा धरावा एवढे कळेल. पटाशीने साधा चूल-सालीचा सांधा घट्ट बसवायला त्याहून बराच अधिक सराव लागतो.