जळक्या रेझिस्टरची साक्ष

धाहरान म्हटलं की आपल्याकडे तेल आठवतं. पण जुन्या हॅम रेडिओवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील "एचझेड१एबी". इथल्या अमेरिकन तळावरच्या हौशी रेडिओ केंद्राचं हे नाव. १९४०च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं सौदी अरेबियाशी बोलायचं तर बहुतेकांना हाच एक आधार होता. त्याला पकडायला जगभरातून झुंबड उडायची, आणि झुंबडीत नंबर लागायचा तर आवाज मोठा हवा. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आला.

ट्रान्झिस्टर घरोघरी पोचले तरी हॅम मंडळींच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह टिकून राहिले. हीथकिटचा एसबी-२२० घ्या. दोन ३-५००झेड व्हॉल्व्ह आणि अ‍ॅनोडवर सुमारे ३,००० व्होल्ट. (एक हात खिशात ठेवून काम करायचं, हा नियम पुण्यातही तोच आणि इथेही तोच!)

अशा यंत्रात जोडतारांचं थोडं इंडक्टन्स आणि व्हॉल्व्हची थोडी कपॅसिटन्स मिळून कुणी न मागितलेलं एक सर्किट तयार होतं, १०० मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर. तिथे व्हॉल्व्ह आपोआप ऑसिलेट करू लागला की त्याला पॅरासिटिक म्हणतात. आपल्या भाषेत बांडगूळच. फायलर नावाच्या इंजिनिअरने या त्रासावर १९३५ सालीच लेख लिहिला होता. उपाय साधा: अ‍ॅनोडच्या वाटेत दोन-तीन वेढ्यांची कॉइल आणि तिला समांतर ५० ते १०० ओहमचा कार्बन रेझिस्टर. कामाच्या लहरी कॉइलमधून निघून जातात. बांडगुळाच्या लहरींना कॉइल अडवते, मग त्या रेझिस्टरमध्ये शिरतात आणि उष्णता होऊन संपतात.

आता गंमत अशी की काही वर्षांनी झाकण उघडलं तर हा रेझिस्टर पुष्कळदा काळा पडलेला किंवा तडकलेला सापडतो. का?

१९९० साली 'क्यूएसटी' मासिकाच्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या अंकांत रिचर्ड मेझर्स यांनी याचं खापर बांडगुळावर फोडलं आणि निक्रोम तारेचा सप्रेसर सुचवला. विरोधक म्हणाले, साध्या उष्णतेने किंवा व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडूनही हेच होतं. भांडण वर्षानुवर्षं चाललं, अगदी भाऊबंदकीसारखं.

मी आपला कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कॉइल ०.०५ मायक्रोहेन्री, रेझिस्टर ५० ओहम, प्रवाह १ अँपियर धरला. ३.५ मेगाहर्ट्झला रेझिस्टरमध्ये जेमतेम एक चाळीसांश वॉट जिरतो. २८ मेगाहर्ट्झला, म्हणजे दहा मीटर बँडवर, दीड वॉट! बांडगुळाचा संबंध नसताना. रेझिस्टर दोन वॉटचा आहे म्हणाल, तर तो आकडा साधारण ७० अंश तापमानापर्यंतचा. शेजारी अ‍ॅनोड लाल होऊन तळपत असतो, तिथे दोन वॉटचा भरवसा कुठला? आणि कॉइलला एखादा वेढा जास्त पडला तर दीड वॉटही पुरत नाही.

एक अंदाज सांगतो. सूर्यावरचे डाग शिगेला पोचले की दहा मीटर बँड दिवस दिवस खुला राहतो. १९८९ हे तसं वर्ष होतं. हा वाद १९९०मध्येच पेटला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

इथल्या हवेचाही हात आहे. जुना कार्बन रेझिस्टर ओल शोषतो आणि त्याची किंमत वाढते. ८ जुलै २००३ला धाहरानचा दवबिंदू ३५ अंशांवर गेला होता, जगातल्या सर्वांत दमट नोंदींपैकी एक. वापर न होता कपाटात पडलेला संचही अशा हवेत बिघडतो. किंमत वाढली की सप्रेसर त्याचं मूळ काम नीट करत नाही, आणि मग बांडगुळाला खरोखरच वाव मिळतो. म्हणजे रेझिस्टर बिघडणं हे बांडगुळाचं कारणही असू शकतं!

म्हणून माझं मत मेझर्सच्या विरोधकांकडे झुकतं, पण पूर्ण नाही. सगळं अंग सारखं करपलेलं असेल आणि मालक दहा मीटरवर रमणारा असेल, तर दोष उष्णतेचा. अंग स्वच्छ पण मधोमध उडालेलं असेल, तर एका क्षणात काहीतरी घडलंय. मग व्हॉल्व्हही तपासायचा.

तपासताना रेझिस्टरचं एक टोक सोडवूनच मोजायचं, नाहीतर मीटरला फक्त कॉइल दिसते. आणि बदलताना वायरवाउंड मुळीच नको, कारण तो स्वतःच एक कॉइल असतो.