लेण्यांतील सेंद्रिय अवशेष आणि त्यांची रासायनिक तपासणी

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत (सरकारी पाटीवर 'पांडवलेणी') दहाव्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख अनेकांनी पाहिला असेल. नहपानाच्या या जावयाने भिक्खुसंघासाठी 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज 240 होतं. वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. हिशोब तंतोतंत जुळतो. याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला दुसरा लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे, आणि ठेव घेणाऱ्यांत तेलघाणीवाल्यांचीही श्रेणी आहे.

म्हणजे लेणी नुसता दगड नव्हती. तिथे कापड, तेल, औषध, धान्य, लाकूड होतं. शिलालेख दान सांगतो, पण रोज काय वापरलं जात होतं ते सांगत नाही. ते शोधायचं तर मागे राहिलेले सूक्ष्म अवशेष तपासावे लागतात. वनस्पती किंवा प्राण्यांपासून आलेल्या अशा पदार्थांना सेंद्रिय म्हणतात: धागे, तूस, डिंक, लाख, सरस, तेल, मेण, काजळी. दगड आणि रंगाची माती टिकते, हे पदार्थ कुजतात. म्हणूनच यांचा अभ्यास उशिरा सुरू झाला.

तपासणीचं तत्त्व अवघड नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या मातीच्या भांड्यात तेल मुरतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ते घासून जात नाही. तेल मोडून त्याची मेदाम्लं सच्छिद्र मातीत राहतात. प्रयोगशाळेत द्रावकाने ती बाहेर काढतात, गॅस क्रोमॅटोग्राफीने एकेक घटक वेगळा करतात आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्याच्या रेणूचं वजन पाहून तो ओळखतात. दुसरी पद्धत इन्फ्रारेड किरणांची: कोणता रासायनिक बंध कोणते किरण शोषतो त्यावरून नमुना डिंक आहे, प्रथिन आहे की राळ, हे कळतं. मर्यादाही मोठी आहे. जुन्या तेलाबद्दल 'हे वनस्पतीचं तेल' इतकं सांगता येतं. तीळ की जवस, हे बऱ्याचदा ठामपणे सांगता येत नाही.

महाराष्ट्रात सेंद्रिय अवशेषांचा एक जुना दाखला नेवाशाचा. ताम्रपाषाणयुगीन दफनातल्या तांब्याच्या मण्यांत अडकलेल्या दोऱ्यात ए. एन. गुलाटी यांना रेशीम आणि कापूस आढळला. दोरा टिकला तो तांब्यामुळे. तांब्याचे क्षार कुजवणाऱ्या जिवाणूंना मारतात.

आपल्याला अधिक जवळचा दाखला वेरूळचा. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंह आणि वनस्पतीशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी बाराव्या लेण्यातला, म्हणजे 'तीन ताल' या बौद्ध लेण्यातला, मातीचा गिलावा सूक्ष्मदर्शक आणि इन्फ्रारेड पद्धतीने तपासला. 2016 साली त्यांनी मांडलं की त्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. 'वेरूळात गांजा' म्हणून हसण्याचं कारण नाही. भांगेचं खोड ताग-अंबाडीसारखंच तंतू देतं, आणि गवंड्याला तंतूच हवा होता. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचं तूस आणि इतर वनस्पतींचे तंतू आहेत, पण भांग मिळालेली नाही. अजिंठ्याच्या चित्रांना किडीचा उपद्रव आहे. वेरूळचा गिलावा भांगेमुळे अधिक टिकला, असा या दोघांचा निष्कर्ष आहे. लेणी घडवणाऱ्या अनाम कारागिरांचं ज्ञान कोणत्याही पोथीत नाही, ते त्या मातीत आहे.

चित्रांबद्दलचा मोठा शोध अफगाणिस्तानातला. 2001 साली तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या. मागच्या गुहांत उरलेल्या चित्रांच्या कणांची योको तानिगुची आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे तपासणी केली. 2008 साली जाहीर झालं की 50 पैकी 12 गुहांतल्या चित्रांत सुकणारं तेल आहे, बहुधा अक्रोड किंवा खसखशीचं. ही चित्रं सातव्या शतकाच्या मध्यापासूनची. तैलरंग युरोपने शोधला असं शाळेत शिकलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

कालमापनासाठीही सेंद्रिय कणच लागतो. दगडात कार्बन-14 नसतो, गिलाव्यातल्या तुसात असतो. त्याचं प्रमाण 5730 वर्षांत निम्मं होतं, त्यावरून वय काढतात. अर्थात हे वय त्या भाताच्या पिकाचं. लेणं त्याआधी कोरलेलं असू शकतं. लेण्यांच्या काळावरून वाद घालताना आपण हा फरक विसरतो.

आता आपल्याकडे वळतो. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता. लेप पिवळा पडला, चित्रं झाकोळली, आणि तो काढण्याचं काम पुढच्या पिढ्यांच्या अंगावर पडलं. आम्हीही काही वर्षांपूर्वी एका लेण्याच्या 'स्वच्छता मोहिमे'त तारेचे ब्रश आणि साबण घेऊन गेलो होतो. तिथल्या पहारेकऱ्याने थांबवलं तेव्हा आम्ही त्याच्याशी भांडलो. त्याचंच बरोबर होतं, हे मला नंतर वाचताना कळलं.

मेणबत्तीचं मेण आज पेट्रोलियमपासून बनतं. त्याची वाफ आणि काजळी भिंतीवर बसते, जुन्या काजळीत मिसळते, आणि मग नमुन्यात दुसरं शतक कोणतं आणि एकविसावं कोणतं हे वेगळं करणं जिकिरीचं होतं. मूर्तीला तेल किंवा रंग लावण्याचंही तेच. शिवाय संरक्षित स्मारकाला इजा केल्यास 1958 च्या कायद्यात, 2010 च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वंदनेसाठी फुलं हातात धरून उभं राहता येतं. मेणबत्ती पायथ्याशी, उघड्यावर लावता येते.

लेण्यात कुठे जुन्या गिलाव्याचा तुकडा, त्यातून डोकावणारा तंतू किंवा तूस दिसलं तर बोट लावू नका. फोटो काढा, लेण्याचा क्रमांक आणि भिंतीची बाजू लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.