आठवी पास आणि अष्टकोनी पाटी

सांडोर हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातले गाव. जनगणनेच्या दप्तरात त्याची नोंद 'शहर' अशी झाली असली, तरी आत शिरल्यावर केळीच्या बागा, विहिरी आणि फुलांचे मळे अजून दिसतात. इथला भाजीपाला आणि फुले पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या बाजारात जात आली आहेत. पूर्वी टोपल्या आगगाडीने जात. पुढे टेम्पो आले आणि टेम्पोबरोबर गावात एक नवा व्यवसाय आला, चालकाचा.

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका स्नेह्यांच्या शेजारचा मुलगा, वय एकवीस-बावीस, एक चुरगळलेली पुस्तिका घेऊन आमच्यापुढे येऊन बसला. पुस्तिकेत वाहतुकीची चिन्हे आणि प्रश्नोत्तरे होती. त्याला टेम्पो चालवण्याचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'परिवहन वाहना'चा परवाना हवा होता. आम्ही शास्त्रज्ञ, तेव्हा परीक्षेची तयारी आम्हीच चांगली करून घेऊ, असा त्याच्या घरच्यांचा समज. आम्ही पेन्सिल घेऊन प्रश्न विचारू लागलो. एकही चुकेना. शेवटी तोच म्हणाला, "सर, पाट्या सगळ्या येतात हो. शाळेचा दाखला येत नाही ना!"

त्याची शाळा सातवीत सुटली होती, आणि नियमाप्रमाणे आठवी पास असणे आवश्यक होते. त्याचे वडील चौथी शिकलेले. त्यांनी उभी हयात टेम्पो चालवला होता. वाहन चालवायला माणसाला नेमके काय *माहीत* असावे लागते, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या डोक्यात राहिला. त्याचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा तो आम्हाला वाटला होता त्याहून बराच वाकडातिकडा निघाला.

चालकाची परीक्षा घ्यावी, ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली ती पॅरिसमध्ये. तिथल्या पोलीस प्रमुखाने १४ ऑगस्ट १८९३ रोजी हुकूम काढून चालकाला प्रमाणपत्र सक्तीचे केले. परीक्षा घेत ते खाणखात्याचे अभियंते, कारण वाफेच्या बॉयलरांची तपासणी त्यांच्याकडेच होती. मोटार हे तेव्हा एक धोकादायक यंत्रच मानले जाई. चालकाला यंत्र कळते की नाही हे पाहायचे. रस्त्यावरच्या इतर माणसांशी कसे वागायचे, हा विषय अजून अभ्यासक्रमात नव्हता. इंग्लंडने तर १९०३च्या कायद्यात परवाना आणला, पण परीक्षा नाही. पाच शिलिंग भरा आणि परवाना घ्या! तिथे परीक्षा सक्तीची व्हायला जून १९३५ उजाडले, आणि स्वतंत्र लेखी परीक्षा तर १९९६ साली आली. तोवर परीक्षक गाडीतच चार प्रश्न तोंडी विचारत असे.

हिंदुस्थानात सगळ्या देशासाठी पहिला मोटार वाहन कायदा १९१४ सालचा. पुढे १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. आपण जयकरांना पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो, पण देशातल्या रस्त्यांच्या इतिहासातही त्यांचे नाव पक्के आहे. त्यांच्या समितीच्या शिफारशींतून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. आज रस्त्यावरच्या पाट्यांचा आकार, रंग, उंची ठरवणारी प्रमाणके हीच संस्था काढते. १९३९च्या कायद्याने चिन्हांचे तक्ते परिशिष्टातच छापले आणि ती ओळखता येणे हा चालकाच्या परीक्षेचा भाग झाला.

आता या चिन्हांकडे जरा थांबून पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. ऑक्टोबर १९०९ मध्ये पॅरिस इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात फक्त चार चिन्हे ठरली: रस्त्यातला उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. चारही चित्रांची, शब्द एकही नाही. कारण उघड आहे. फ्रान्समधून निघालेली मोटार दुपारी जर्मनीत शिरली, तर चालकाला तिथली भाषा येईलच असे नाही. म्हणजे *परक्या भाषेपुढे निरक्षर* झालेल्या साक्षर माणसासाठी ही लिपी तयार झाली! आपल्याकडे ती निरक्षराच्याही उपयोगी पडली, हा तिचा जोडलाभ.

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. १९२३ साली मिसिसिपी खोऱ्यातल्या राज्यांच्या महामार्ग खात्यांनी आकारांवरच अर्थ बसवला: जितका धोका अधिक तितक्या पाटीच्या बाजू अधिक. वर्तुळाला अगणित बाजू आहेत असे धरून ते रेल्वे फाटकाला दिले. त्याखालोखाल 'थांबा'साठी अष्टकोन. रात्री अंधुक दिव्यात अक्षरे दिसली नाहीत तरी कडा दिसतात, हा हिशेब. हा अष्टकोन पुढे जगभर गेला. १९६८च्या व्हिएन्ना करारात तो आहे आणि आपल्या रस्त्यांवरही आहे. बाकी आपली व्यवस्था युरोपच्या वळणाची: गोल पाटी म्हणजे आज्ञा, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, चौकोनी म्हणजे माहिती. वर्गात कागदाचे काळे आकार कापून, आत काहीही न काढता, लांबून दाखवावेत. मुले अर्थ सांगतात की नाही, ते पाहण्यासारखे असते.

सध्याचा कायदा १९८८चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांतील नियम ११ हा आपल्या विषयाचा गाभा. शिकाऊ परवान्यासाठी प्राथमिक चाचणी, आणि तिचे विषय चार: चिन्हे व रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, माणूस नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि जवळ बाळगायची कागदपत्रे. यातला तिसरा विषय तेव्हा जिवावरचा होता. रेल्वेने ब्रॉडगेजवरची अशी फाटके जानेवारी २०१९ अखेर संपवली, तेव्हा आता त्याचे महत्त्व ओसरले आहे. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के उत्तरे बरोबर हवीत. समजा प्रश्न पंधरा, म्हणजे नऊ बरोबर. काहीच न वाचता अंदाजाने ठोकून दिले तर? प्रत्येक प्रश्नाला दोनच पर्याय असतील तर दहापैकी तिघे पास होतील. तीन पर्याय असतील तर शंभरात तिघे, आणि चार असतील तर हजारात चौघे. वरच्या वर्गातल्या मुलांनी द्विपद विस्ताराने हे पडताळून पाहावे. एकेक पर्याय वाढवल्याने चाचणी किती कडक होते ते दिसेल.

पण याच नियमात एक सवलत आहे, जिच्याकडे आमचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. ज्याच्याजवळ आधीच वैध परवाना आहे, त्याला ही प्राथमिक चाचणी नाही. आता परिवहन वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी अट अशी, की हलक्या मोटारीचा परवाना हाती येऊन किमान वर्ष झालेले हवे. दोन्ही कलमे एकत्र वाचा. ट्रक चालवू इच्छिणाऱ्या माणसाची ज्ञानाची परीक्षा एकदाच, तीही ट्रकचा संबंध नसताना झालेली असते! माल कसा बांधावा, चढलेल्या वजनाने गाडी थांबायला किती अंतर घेते, लांब उतारावर ब्रेक तापून निकामी का होतात, हे लेखी कुणी विचारत नाही. ते मोटार ट्रेनिंग स्कूलच्या प्रमाणपत्रावर सोडलेले आहे. १९८९च्या नियमांत त्यासाठी किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे पंधरा तास सांगितले आहेत. शिकवणारी शाळा चांगली असेल तर हे पुरते. नसेल तर उरतो तो फक्त कागद. अमेरिकेने मात्र १९८६ साली कायदा करून व्यावसायिक चालकांसाठी वेगळी लेखी परीक्षा आणली. तिच्यात याच गोष्टी विचारतात. जोडगाडी, बस, धोकादायक माल यांसाठी आणखी वेगळे भाग आहेत.

आपल्याकडे ही उणीव भरायची तर दोन वाटा होत्या: परीक्षा नीट घेणे, किंवा शाळेचा दाखला मागणे. २००७च्या दुरुस्तीने दुसरी वाट धरली आणि परिवहन परवान्याला आठवी पासची अट आली. आधीपासून परवाना असलेल्यांना नूतनीकरणात ती लागू नव्हती. म्हणून सांडोरच्या त्या घरात चौथी शिकलेले वडील चालक राहू शकत होते आणि सातवी शिकलेला मुलगा होऊ शकत नव्हता.

२०१९च्या मे महिन्यात राजस्थान उच्च न्यायालयाने तर निरक्षरांना कोणताच परवाना देऊ नये, पाट्या वाचता न येणारा चालक पादचाऱ्यांना धोका आहे, असे म्हटले. आणि पुढच्याच महिन्यात केंद्रीय मंत्रालयाने नेमका उलटा निर्णय जाहीर केला: आठवीची अट काढायची. हरियाणातल्या मेवात भागात अनेकांचे पोट गाडी चालवण्यावर आहे, हातात कसब आहे पण दाखला नाही, असे तिथल्या सरकारचे म्हणणे होते. देशात सुमारे २२ लाख चालकांची तूट असल्याचेही मंत्रालयाने सांगितले. त्याच वर्षी अट गेली. मात्र प्रशिक्षण आणि कौशल्याची चाचणी कडक करावी, चालकाला चिन्हे वाचता यावीत आणि नोंदी ठेवता याव्यात, असेही बजावले गेले.

आमचे मत विचाराल तर न्यायालयाची काळजी खरी होती, पण तिचा रोख चुकला. चिन्हे वाचायला अक्षरे लागत नाहीत. ती तशी बनवलीच नव्हती. दिशादर्शक फलक, तात्पुरत्या सूचना, मालाच्या पिंपावरचा मजकूर यांना मात्र अक्षरे लागतात, आणि त्यासाठी वाचता येते का हे सरळ तपासावे. आठवीचा दाखला त्याचा पुरावा नव्हे. आठवीपर्यंत पोचूनही सलग परिच्छेद न वाचणारी मुले शिक्षकांना नवी नाहीत.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले, की हलक्या मोटारीचा परवाना असणाऱ्याला ७५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केले. त्या मुलाचा टेम्पो या मर्यादेत सहज बसत होता. पण हे सगळे होईपर्यंत वडिलांनी गाडी विकून टाकली होती, आणि तो वसईतल्याच एका रोपवाटिकेत कामाला लागला होता. मध्यंतरी भेटला तेव्हा आम्ही ही हकिकत सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "पुस्तिका आहे अजून. बहीण स्कूटरच्या लायसनला बसतेय, तिला दिली." तिच्या पहिल्या पानावर आमच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच आहेत म्हणे.