गॉथिक अक्षरांचे कूळ

गॉथिक अक्षरे म्हटली की जुन्या जर्मन ग्रंथांतील काळीकुट्ट, टोकदार लिपी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते, आणि नावावरून ती गॉथ लोकांची असावी असे वाटते. आम्हांलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत होते. वस्तुतः गॉथांचा या लिपीशी काडीचाही संबंध नाही.

गॉथांची खरी लिपी निराळीच. चौथ्या शतकात डॅन्यूबकाठच्या गॉथांत उल्फिला नावाचा बिशप होऊन गेला. रूनी अक्षरे होती, पण ती लाकडादगडावर कोरण्याजोगी. त्यांत ग्रंथ कसा लिहावा? तेव्हा बायबलाच्या भाषांतरासाठी त्याने मुख्यतः ग्रीक अक्षरे पुढे ठेवून, काही लॅटिन व रूनी लिपींतून घेऊन, २७ चिन्हांची वर्णमाला सिद्ध केली. पैकी दोन केवळ ९० व ९०० या आकड्यांसाठी. राजांचा इतिहास सांगणारे भाग त्याने मुद्दाम गाळले म्हणतात. गॉथ आधीच लढाईखोर, त्यांना आणखी चेव कशाला आणा! पुढे इटलीत सहाव्या शतकात जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी-सोनेरी शाईने लिहिलेली या भाषांतराची एक प्रत १६४८ साली प्राग शहराच्या लुटीत स्वीडिश सैन्याच्या हाती लागली. आज तिची बरीचशी पाने स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आहेत.

मग त्या काळ्या अक्षरांना हे नाव कोणी दिले? इटालियन पंडितांनी, आणि तेही शिवी म्हणून. शार्लमेनच्या काळी, म्हणजे आठव्या-नवव्या शतकांत, युरोपात गोल, सुटसुटीत अक्षर रूढ झाले होते. बाराव्या शतकापासून शाळा व विद्यापीठे वाढली, ग्रंथांची मागणी वाढली. चर्मपत्र तर महाग. लेखकांनी अक्षरे अरुंद केली, एकमेकांना चिकटवली, गोलाई मोडून कोन आणले. पान दिसे देखणे. वाचणे मात्र कठीण. ‘मिनिमुम’ हा लॅटिन शब्द या वळणाने लिहिला की १५ उभ्या काठ्यांची रांग तयार होई! या गोंधळातून सुटण्यासाठीच ‘आय’ अक्षराच्या डोक्यावर खूण देण्याची चाल पडली. आजचा ठिपका तो हाच.

इटलीच्या पंडितांना हे वळण रानटी वाटले, आणि रोम बुडविणारे रानटी कोण, तर गॉथ! त्यांनी जुन्या हस्तलिखितांतील गोल अक्षर प्राचीन रोमनांचे समजून उचलले. ते होते शार्लमेनच्या काळचे, म्हणजे ज्या आईची काळी अक्षरे लेक, त्याच आईचे! रोमन टाइप आणि गॉथिक टाइप या सख्ख्या बहिणी ठरतात.

गुटेनबर्गचे १४५५ च्या सुमाराचे बायबल काळ्या अक्षरांत छापले गेले, ल्यूथरचा १५२२ चा नवा करारही त्यांच्याच एका प्रकारात. पुढे युरोपातील बहुतेक देशांनी रोमन अक्षरे पत्करली. जर्मनांनी मात्र ही आपली राष्ट्रीय लिपी मानली. १९११ साली ती बदलण्याचा प्रश्न जर्मन संसदेपर्यंत गेला आणि फेटाळला गेला. अखेर ती बंद केली कोणी? नाझी सरकारने! ३ जानेवारी १९४१ च्या फर्मानात ही अक्षरे ‘ज्यूंची’ म्हणून त्याज्य ठरविली. हे धादांत असत्य होते. जिंकलेल्या देशांतील लोकांना जर्मन छापील मजकूर वाचता येईना, ही अडचण त्यामागे असावी, असा तर्क आहे व आम्हांला तो पटतो. गंमत अशी की, त्या फर्मानाच्या कागदाचा छापील मथळाच काळ्या अक्षरांत होता.

शाळांतून छापील वळणाबरोबर हाताचे जुने वळणही गेले. आजोबांनी आजीला लिहिलेली पत्रे पेटीत सापडतात, आणि शिकलेल्या नातवाला ती वाचता येत नाहीत. जाणकार शोधावा लागतो. आमच्याकडे माळ्यावरच्या मोडी कागदांचे तेच झाले आहे.